चौथा तांब्या वहिनीचा

आमच्या परागभावजींचं लग्न अगदी व्यवस्थित पार पडलं. फक्त हळदीच्या दिवशी साधारण वीस मिनिटं ते लाल होते.

लाल म्हणजे लाजून नव्हे. (भावजी लाजणाऱ्यातले नाहीत. मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांची दुसरी बशी त्यांनी स्वतःहून मागितली होती!) लाल म्हणजे डोक्यापासून बेंबीपर्यंत, ओघळ ओघळ लाल. आणि त्यांना तसं लाल करणारी बाई बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, तेही फर्स्ट क्लास. ती बाई मी.

पण त्याआधी आमच्या रेवाबद्दल सांगायला हवं. रेवा म्हणजे आमची एकुलती एक लेक. तिला लहानपणापासून शंका फार. पाचवीत असताना एकाच तासाला तिने चार शंका विचारल्या, तर बाई म्हणाल्या, "सगळ्या वर्गाला कळतं, तुला एकटीलाच कसं गं कळत नाही?" वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरीने तोंडच मिटलं. वर्गात तर नाहीच, घरी पाहुणे आले तरी ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात कुजबुजायची, "आई, काकांना विचार ना, रणगाडा मागे पण जातो का?" ते कुजबुजणं ऐकलं की माझा जीव तुटायचा. शेवटी म्हटलं, बास झालं. हिच्या शंका ऐकायला मी आहे की! शाळेतून नाव काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली.

भाषा, गणित, इतिहास छान चाललं. घोडं अडलं विज्ञानाच्या प्रयोगांपाशी. पण मी फर्स्ट क्लास! मी नाशिकरोडच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा उघडली. बीकर नाही? चहाचा काचेचा पेला आहे. परीक्षानळीचा चिमटा नाही? सांडशी आहे. स्पिरिटचा दिवा नाही? निरांजन आहे! (सासूबाई म्हणाल्या, "देवाचं तूप जाळून काय उकळतेस?" मी म्हटलं, "मिठाचं पाणी." त्या देवघरात जाऊन देवाची माफी मागून आल्या.)

अडचणी येत होत्या, नाही असं नाही. बी रुजण्याचा प्रयोग म्हणून आम्ही ओल्या फडक्यात मटकी बांधून ठेवली. रोज मोडाची लांबी मोजायची, वहीत लिहायची. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना ओट्यावर आयते मोड आलेले दिसले. दुपारी जेवायला मिसळ होती आणि मिसळ झकास होती. रेवाच्या वहीत आजही ती नोंद आहे : 'दिवस तिसरा. प्रयोग खाल्ला.'

या सगळ्यावर एकच व्यक्ती हसत नव्हती. आमच्या शैलावन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. नाशिकमध्येच, द्वारकेच्या चौकाअलीकडे महापालिकेची एक शाळा आहे, तिथे तीस वर्षं विज्ञान शिकवतायत. चष्मा नाकाच्या टोकावर आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. घरात आल्या की माणसांच्या आधी ओट्याकडे बघायच्या.

"मेधा, या बाटलीत काय आहे?"

"व्हिनेगर, वन्सं."

"आणि या?"

"ते गुलाबपाणी."

"दोन्ही सारखं दिसतंय. लेबल कुठाय?"

"वन्सं, हे घर आहे. घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं!"

आणि ते खरंच होतं हो. आमच्या स्वयंपाकघरात कुठल्याच डब्यात डब्यावर छापलेली वस्तू नसते. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, कॉफीच्या बाटलीत ओवा, आइस्क्रीमच्या डब्यात वाटाणे. तरी कधी कुणी चहात ओवा घातलाय? (एकदाच घातला होता, ह्यांनी. तो विषय आमच्याकडे बंद आहे.) हे एकलहऱ्याला वीज केंद्रात आहेत. तेही बहिणीचीच री ओढणार, "आमच्याकडे प्रत्येक व्हॉल्व्हला टॅग असतो." मी म्हणायची, "अहो, तुमचा बॉयलर फुटेल. माझा डबा फुटणार आहे का?"

वन्संचा आग्रह एकच : जूनपासून रेवाला त्यांच्या शाळेत आठवीत घालायचं. "तुझं शिकवणं वाईट नाही गं. पण प्रयोग चार पोरांनी मिळून करायचा असतो. एकाने ओतायचं, एकाने बघायचं, एकाने लिहायचं आणि एकाने चुकायचं!"

"आणि वर्ग परत हसला तर?" मी विचारलं.

वन्संनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "बरं. परागच्या हळदीला मी येतेच आहे. तेव्हा रेवाने माझ्यासमोर एक प्रयोग करून दाखवायचा आणि स्वतःच्या तोंडाने समजावून सांगायचा. जमलं तर आणखी एक वर्ष ठेव घरी, मी चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर जूनमध्ये शाळा."

आली का पंचाईत! प्रयोग जमला असता. पण वन्संसमोर रेवाने तोंड उघडायला हवं होतं ना! मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "जमेल ना गं?" ती माझ्या कानात म्हणाली, "तू बोल, मी करते."

मी सोप्यातला सोपा प्रयोग निवडला. चुन्याची निवळी. पानवाल्याकडून चुना आणायचा, पाण्यात कालवायचा, झाकून ठेवायचा. चुना तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, ती निवळी. तिच्यात नळीने फुंकर मारली की आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधासारखी पांढरी होते. एरवी वाटीभर पुरते. पण परीक्षक वन्सं म्हटल्यावर मी हात आखडता घेते होय? हळदीच्या आदल्या दिवशी पातेलंभर चुना कालवला, सकाळी वरची निवळी अलगद काढली आणि ठेवायला काही सापडेना (घरातली सगळी भांडी पाहुण्यांच्या चहात), म्हणून तांब्याच्या तांब्यात भरली आणि वर झाकण ठेवलं. रेवा म्हणाली, "आई, चिठ्ठी लावूया?"

"कशाला? आपल्याला माहितेय ना!"

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललेय. साक्षीदार आहे.

हळदीच्या दिवशी घरात पन्नास माणसं होती. गुरुजी द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेले, दर पाच मिनिटांनी फोन, "आलोच, सिग्नल सुटला की आलो!" शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या त्यांना तिथं. हळद काय आपल्याला येत नाय व्हय?" (सासूबाई निफाडच्या. घाई झाली की त्यांची भाषा माहेरी जाते.) भावजींना पाटावर बसवलं. सवाष्णींनी हळद लावली. लावली म्हणजे अक्षरशः थापली, डोळेसुद्धा उघडता येईनात. उष्टी हळद घेऊन दोघंजण नवरीकडे, देवळाली कॅम्पला रवाना झाले. नवरीचे वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना सोहळा बघायचा होता म्हणून एका हौशी भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून धरला होता.

आता न्हाणं. आमच्याकडे पाटाच्या चार कोपऱ्यांना पाण्याने भरलेले चार तांबे ठेवतात, भोवती सुताचे वेढे देतात आणि मग चार सवाष्णी एकेक तांब्या नवरदेवाच्या डोक्यावर ओततात. चौथा तांब्या वहिनीचा. तो मान माझा!

"मेधा, तीनच तांबे हायेत! चौथा कुठंय?" सासूबाई ओरडल्या.

माझ्या तोंडात साडीच्या दोन पिना, हातात गजरा. पण घरातली कर्ती सून ना मी! तशीच आत धावले. ओट्यावर काठोकाठ भरलेला, झाकलेला तांब्या तयार! मला इतका आनंद झाला की काय सांगू. मनात म्हटलंसुद्धा, बघा, कुणीतरी आधीच भरून ठेवलाय, याला म्हणतात संस्कार! वर आंब्याचं पान ठेवलं आणि मिरवत आणून चौथ्या कोपऱ्याला ठेवला.

पहिला तांब्या सासूबाईंनी ओतला. दुसरा काकूंनी, तिसरा वन्संनी. मग मी पुढे झाले, कॅमेऱ्याकडे बघून गोड हसले आणि चौथा तांब्या भावजींच्या डोक्यावर धो धो ओतला.

आणि भावजी लाल झाले.

आधी कपाळ. मग कानामागून ओघळ. मग खांदे, छाती, पोट! पिवळ्याधमक अंगावर लालभडक धारा! मग सासूबाईंनी हंबरडा फोडला, "अगं मेधे! पोराचं डोकं फोडलंस गं!"

"मी नाही! मी नुसतं पाणी ओतलं!"

"मग रक्त कुठनं आलं?"

भावजींचे डोळे गच्च मिटलेले. ते तिथूनच, "कुणाचं रक्त? काय झालंय? वहिनी, कुणाला लागलंय?"

"तुम्हालाच!"

"मला काही दुखत नाहीये!"

"धक्क्याने कळत नाही कधी कधी," काकू म्हणाल्या. झालं! भावजींनी पाटावरच मान टाकली.

मोबाइलमधून सुभेदारांचा आवाज घुमला, "कोई हिलाना मत उसको! जावईबापूंना हलवू नका! मी निघालो! जीप निकालो रे!" मागून नवरीचं रडणं ऐकू आलं आणि कॉल बंद झाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. उद्या लग्न आणि आज नवरदेव लाल! हे म्हणाले, "ॲलर्जी असेल." कुणी म्हणालं भेसळीची हळद, कुणी म्हणालं दृष्ट लागली.

या घटकेला केमिस्ट्रीच्या फर्स्ट क्लासने काय करावं? मी ओरडले, "साबण आणा!" साबण आला, मी चोळायला लागले. जिथे फक्त गुलाबी होतं तिथे लाल झालं. "अंगाचा साबण नको, कपड्यांचा आणा!" कपड्यांची वडी आली. मी पाठ घासली. पाठ आत्तापर्यंत पिवळी होती, तीही लालबुंद! जितकी घासावी तितकी लाल! मी रडकुंडीला येऊन आणखी जोरात घासायला लागले. भावजी म्हणाले, "वहिनी, आता मात्र दुखतंय."

"आई, थांब! साबण नको!"

आवाज इतका मोठा होता की मला वाटलं, वन्संच ओरडल्या. वळून बघते तर वन्सं तोंड मिटून, हाताची घडी घालून उभ्या. ओरडली होती रेवा. पन्नास माणसांच्या मधे, परकराचा ओचा खोचून, मूठ आवळून.

"कोणी घाबरू नका. ते रक्त नाहीये. काका, डोळे उघडू नका. बाबा, साधं पाणी आणा, दोन बादल्या! आणि सरबताची लिंबं कापा, सगळी!"

आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. ह्यांनी बादल्या ओतल्या. सासूबाई स्वतः विळीवर बसल्या. रेवाने अर्धं लिंबू घेऊन भावजींच्या खांद्यावर पिळलं. जिथे रस पडला तिथे लाल रंग विरघळून परत पिवळा! दुसरं लिंबू, दंड पिवळा. तिसरं, छाती पिवळी. बायकांनी तोंडावर हात घेतले. मग काय, ज्याला जे लिंबू मिळेल ते घेऊन सगळे भावजींवर तुटून पडले.

"का झालं असं?" वन्संनी विचारलं. तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आता ही पळत येऊन माझ्या कानात बोलणार.

रेवा जागची हलली नाही. म्हणाली, "आत्या, हळद दर्शक आहे. आम्लात पिवळीच राहते. आम्लारीत लाल होते. साबण आम्लारी, म्हणून साबणाने वाढत होतं. लिंबू आम्ल, म्हणून परत पिवळं."

"आणि तांब्यात काय होतं?"

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मग तांब्याच्या तळाशी दोन बोटं उरलेलं पाणी काचेच्या पेल्यात काढलं, सरबताची नळी त्यात घातली आणि पेला भावजींच्या तोंडाशी धरला. "काका, फुंका."

हळदीने माखलेले, लिंबाने आंबलेले, थंडीने कुडकुडणारे भावजी बिचारे फुंकले. पेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"चुन्याची निवळी," रेवा म्हणाली. "तीही आम्लारी. आईने भरून ठेवली होती. तुम्हाला दाखवायला."

वन्संनी चष्मा वर सरकवला. "मुलगी पास," त्या म्हणाल्या. "आईचा निकाल राखून ठेवलाय."

एवढ्यात फाटकाशी जीप थांबली. सुभेदार, प्रथमोपचाराची पेटी आणि सोबत दोन दणकट माणसं, कवायत केल्यासारखे आत शिरले. बघतात तर जावई पाटावर पिवळाधमक, हसतमुख, आणि वीस बायका त्याच्यावर लिंबं पिळतायत!

"हे काय चाललंय?"

आम्ही सगळ्यांनी हातातली लिंबं पाठीमागे लपवली. सासूबाई मात्र विळीवरून शांतपणे म्हणाल्या, "लिंबाचं न्हाणं हाय. आमच्यात असतं."

"आणि ते लाल?"

"ते पण असतं. आधी लाल, मग पिवळं. शुभ असतं."

सुभेदारांनी क्षणभर विचार केला, मोबाइल काढला आणि घरी हुकूम सोडला, "ऐका! लिंबं आणा! यांच्यात असतं!" (तेव्हापासून आमच्या दोन्ही घराण्यांत प्रत्येक हळदीला लिंबाचं न्हाणं होतं. मागच्या महिन्यात सिन्नरच्या एका लग्नात एक म्हातारबाबा मला ही प्रथा किती जुनी आहे ते समजावून सांगत होते. मी मान डोलावली.)

सगळी पांगल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले. लाज वाटली म्हणून आणि रेवा बोलली म्हणूनही. दोन्ही एकदम आलं. वन्सं शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"रडतेस कशाला? तू जिंकलीस की. ठरल्याप्रमाणे अजून एक वर्ष ठेव तिला घरी. मी बोलणार नाही."

"आत्या, मला बोलायचंय," मागून रेवा म्हणाली. कानात नाही, मोठ्याने. "मला शाळेत यायचंय. आई घरी छान शिकवते. पण आज सगळ्यांनी मिळून लिंबं पिळली ना, ते मला फार आवडलं. एकटीने करताना एवढी मजा येत नाही."

"आणि वर्ग हसला तर?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"आई, आज पन्नास माणसं होती. कुणी हसलं का? सगळ्यांनी ऐकलं ना माझं!"

जूनमध्ये रेवा वन्संच्या शाळेत गेली. पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेर अर्धा तास उभी होते, ती रडत परत येईल म्हणून. ती आली नाही, मीच रडत परत आले. संध्याकाळी तिने सांगितलं, पहिल्याच तासाला तीन शंका विचारल्या. एका पोराने फिसकन हसून दाखवलं, तर वन्संनी चौथी शंका त्यालाच विचारायला लावली! आता ते दोघं एकाच गटात प्रयोग करतात. रविवारी मात्र आमची ओट्यावरची प्रयोगशाळा चालू असते. गटातली तिघंही येतात. मटकी आता कुलपात असते.

दिवाळीच्या आधी शाळेने पालकांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. वन्संनी मला मुद्दाम पहिल्या रांगेत उभं केलं. लांबलचक फडताळ, ओळीने बाटल्या, प्रत्येक बाटलीवर लेबल. लेबलं लिहायचं काम आठवीने रेवाकडे दिलं होतं. माझी छाती अशी फुगली! एकेक वाचत पुढे गेले : व्हिनेगर. मिठाचं पाणी. हळदीचं द्रावण. आणि टोकाला, सगळ्यात वरच्या कप्प्यात, हात पुरणार नाही अशा बेताने ठेवलेली एक बाटली. मी टाचा उंच करून वाचलं. रेवाच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं :

'चुन्याची निवळी. माझ्या आईपासून दूर ठेवा.'